बाईची ओटी

"पदर कुठाय हिला?" आईंनी विचारलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. दोन्ही हातांत परात, परातीत हिरवा खण, पाच नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या. डोक्यावरून पदर घेतलेला. आणि समोर, झेंडूच्या माळा घालून, आमच्या काजूच्या कारखान्याचा बॉयलर.

"पदर नसंना," तातोबा म्हणाला. "हात हाय की."

तातोबा आमचा बॉयलरवाला. नवरात्रभर अनवाणी, शेंगदाणे आणि चहा एवढ्यावर राहिलेला, त्यामुळे दसऱ्याच्या दिवशी त्याच्या शब्दाला आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, शब्दापेक्षा जास्त वजन. त्यानं बॉयलरच्या माथ्यावरून बाजूला निघालेला लोखंडी दांडा दाखवला. त्या दांड्याच्या टोकाला एक बिडाचं वजन लटकलेलं असायचं. आत वाफ जास्त झाली की दांडा वजनासकट वर उचलला जायचा, खालची झडप उघडायची, आणि फुस्स करून जादा वाफ छपरातल्या नळीतून बाहेर. मग दांडा पुन्हा खाली.

"कसा फुडं केलाय बगा," तातोबा म्हणाला. "घ्यायलाच बसलीया."

मी वरच्या खोलीच्या खिडकीतून हे ऐकत होते. कारखाना घराला चिकटूनच. मधे फक्त एक भिंत आणि एक बोळ. मांडीवर बाळाला उचकी लागली होती, म्हणून मी खिडकीपासून उठले. पुढचं मला दिसलं नाही.

बॉयलर मराठीत पुल्लिंगी आहे हे मला लग्न होईपर्यंत माहीत होतं. लग्नानंतर कळलं की आमच्या घरात तो 'बाई' आहे. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तातोबा अंगणात येऊन आबांना म्हणाला, "बाई लई तापलीया आज. जरा दमानं घ्या." आबा म्हणाले, "पाणी पाज तिला." मी दाराआड उभी राहून विचार करत होते की मी काल जेवताना असं काय बोलले. त्यात आई स्वतःबद्दल बोलताना, तिकडच्या बायका बोलतात तसं, "मी आलो, मी गेलो" म्हणायच्या. मी मिरजेची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. आजऱ्यापुढच्या त्या गावात मला पहिलं वर्ष व्याकरण शिकण्यातच गेलं.

त्या दसऱ्याला बाळाचं बारसं होतं. मुलगी वेळेआधी जन्मली होती. बारसं बाराव्या दिवशी कसलं, तेव्हा ती कोल्हापुरात दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. मी त्या काचेला नाक लावून बसायचे. पेटीवर आकडे यायचे, एक हिरवी रेघ पळायची. रेघ पळतेय तोवर ठीक, एवढं मला समजलं होतं. त्यामुळे घरी आल्यावरही मला न हलणाऱ्या गोष्टींची धास्ती बसली. बाळ शांत झोपलं की घरचे म्हणायचे, किती गुणी आहे. मी तिच्या नाकाशी बोट धरायचे.

घरात माझी थट्टा चालायची, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. आदल्या दिवशीच मी पाळणा टांगायच्या कडीला आधी काजूचं पोतं टांगून बघायला लावलं होतं. रणधीर, माझा नवरा, पोतं चढवताना म्हणाला, "आता पोत्याचंच बारसं करून टाकू. वजनही चांगलं आहे." आबा तर मला 'इन्स्पेक्टरबाई' म्हणायचे. खरा बॉयलर इन्स्पेक्टर वर्षातून एकदा यायचा आणि काजू खाऊन जायचा.

दहाच्या सुमाराला भट्टी पेटली. दसऱ्याला मुहूर्ताची एक खेप उकडायची आणि थांबायचं, अशी पद्धत. काजूच्या टरफलांचा तिखट धूर आला, मी खिडकी लावून घेतली. खेप उतरली असावी, कारण खाली गलका झाला आणि पेढे वाटले गेले. मग गावातल्या बायका बारशाला यायला लागल्या.

वन्सं, म्हणजे रणधीरची मोठी बहीण, बेळगावहून आल्या होत्या. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून कोणतं नाव ठेवणार ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. "आयत्या वेळी कानातच सांगणार," असं सकाळपासून चाललं होतं. बायकांनी माझी ओटी भरली. एकेक जण ओटी भरायची, बाळाकडे बघायची, आणि उरलेलं ताटात घेऊन खाली जायची. खाली कशाला जाताहेत, हे मला कळेना.

"बाईकडं," वन्सं म्हणाल्या. "आईनं नवस फेडला म्हटल्यावर सगळ्याच भरायला लागल्यात. एकेक नारळ, मूठभर तांदूळ. भरू देत की."

"कसला नवस?"

"तुला ठाऊक नाही?" त्या पाळण्याला फुलं बांधत होत्या. "बाळ पेटीत होतं तेव्हा आई रोज बॉयलरपाशी जाऊन बसायची. नात जिवंत घरी येऊ दे, पाच नारळांची ओटी भरीन, असं बोलली होती."

मला भरून आलं. दवाखान्यात आई दोनदाच आल्या होत्या, आणि मी ते मनात ठेवलं होतं.

पाळण्यात बाळ झोपलं होतं. मी सवयीनं तिच्या नाकाशी बोट धरलं. ठीक. पदर सारखा केला. आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. दूध पाजलं होतं. लंगोट कोरडा होता. खिडकी बंद होती. ती झोपली होती, बस्स. तेच चुकत होतं. या वेळेला ती कधीच झोपलेली नसायची. भट्टी पेटली की काही वेळानं भिंतीपलीकडून ते फुस्स यायचंच, आणि तिचे दोन्ही हात एकदम वर जायचे, आणि ती रडायला लागायची. मी त्या आवाजाला किती शिव्या घातल्या होत्या.

आज बाई एकदाही बोलली नव्हती.

मी खिडकी उघडली. धूर अजून येत होता. बोळापलीकडे, शेडच्या उघड्या बाजूतून बॉयलर दिसला आणि मला तो आधी ओळखूच येईना. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते, एरवी तिच्यात पाणी सारखं थरथरत असायचं. तिला कुणीतरी साडी नेसवल्यासारखा खण गुंडाळला होता. वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळावर हळदीकुंकवाचा एवढा मोठा मळवट, की काटा कुठं आहे ते दिसत नव्हतं. आणि त्या दांड्याला, टोकाच्या वजनाच्या शेजारी, आईंच्या जुन्या इरकलीचं एक गाठोडं लोंबत होतं. भरलेल्या पोटासारखं. मी बघत असतानाच एका म्हातारीनं त्यात आणखी एक नारळ सोडला आणि नमस्कार केला.

मी वन्संना म्हटलं, "बाळाला घेऊन वाड्याबाहेर जा. देवळाकडं जा."

"आत्ता? अगं नाव ठेवायचंय."

"वन्सं, जा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि निघाल्या. पण फक्त अंगणापर्यंत. अंगणात पंगत बसली होती, आणि वन्संना वाटेत तीन बायकांनी थांबवून बाळ बघायला मागितलं.

मी आबांकडे गेले. ते वाढायला उभे होते.

"आबा, बॉयलरची झडप उचलत नाहीये."

"दसऱ्याच्या दिवशी गप्प बसलीया व्हय? शहाणी हाय."

"दांड्यावर ओटी टांगलीय. वजन वाढलंय. आत वाफ कितीही झाली तरी झडप उघडणार नाही."

"नारळानं?" आबांनी बासुंदीचं भांडं पुढच्याच्या हातात दिलं. "अगं, ती केवढी, नारळ केवढा."

"दांड्याच्या टोकाला टांगलाय, आबा. टोकाला थोडं वजन टांगलं तरी झडपेवर त्याच्या कितीतरी पट पडतं. सी-सॉ असतो बघा, लांब बसलेलं लहान पोर जवळ बसलेल्या मोठ्याला उचलतं..."

"बसलोय मी त्यावर. गडहिंग्लजच्या बागेत." ते माझ्याकडे मायेनं बघत होते. "इन्स्पेक्टरबाई, दोन घास खाऊन घे. ओली बाळंतीण तू, उपाशी पोटी असं होतं."

तीन वर्षं शिकलेलं फिजिक्स मी बासुंदीच्या भांड्याशेजारी उभं राहून एका वाक्यात सांगितलं होतं, आणि ते गडहिंग्लजच्या बागेत जाऊन बसलं.

मी रणधीरचा दंड धरला. तो जिलब्यांचं ताट घेऊन चालला होता.

"परत पोतं टांगायचंय का?" तो म्हणाला.

"चल. फक्त बघ. नंतर काय हसायचं ते हस."

तो ताट घेऊनच आला. शेडमध्ये दोन बायका अजून हात जोडून उभ्या होत्या. खेप उतरली तरी भट्टीत टरफलं धगधगतच होती. रणधीरनं खिशातला रुमाल काढला आणि घड्याळावरचं कुंकू पुसलं. काटा तांबड्या रेघेच्या कितीतरी पलीकडे गेला होता. तो थरथरत होता, हळूहळू, पुढं जाण्याचा प्रयत्न करणाऱ्या किड्यासारखा.

रणधीरनं जिलब्यांचं ताट जमिनीवर ठेवलं. अगदी हळू, आवाज होऊ न देता.

"वाफ सोडायचं चाक कुठलं?" मी विचारलं.

"यातलं एक," तो म्हणाला. तो बी.कॉम. होता. सगळी चाकं झेंडूच्या माळांखाली सारखीच दिसत होती. "एक पाण्याचंही आहे. ते नको फिरायला."

"दुसरी झडप? दोन असतात ना?"

"ती दुरुस्तीला कोल्हापूरला गेलीय."

"मग ओटी काढ."

त्यानं गाठोड्याकडे हात नेला आणि मागून आईंचा आवाज आला.

"हात लावशील तर बग."

त्या दारात उभ्या होत्या, नवी साडी, नाकात नथ. "नवसाची ओटी हाय ती. माझ्या नातीच्या जिवाची. बोललो मी, फेडलो मी. भरलेली ओटी कुणी सोडत असतंय व्हय? आणि बाप्यानं?"

"आई, ती फुटेल," रणधीर म्हणाला.

"कोण?"

"बाई."

"माझी बाई?" आई पुढं आल्या आणि गाठोड्यासमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ बॉयलरपासून हातभर अंतरावर. "पोरगी पेटीत हुती तवा हिनं ऐकलं माझं. डॉक्टरनं न्हाई ऐकलं, हिनं ऐकलं. आणि आज तिच्या ओटीला हात लावून पोरीवर काय आणायचंय तुला?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांना खरोखर भीती वाटत होती. माझ्याच एवढी. आम्ही दोघी एकाच पोरीसाठी, एकाच गाठोड्याच्या दोन बाजूंना उभ्या होतो, आणि सी-सॉचा इथं काही उपयोग नव्हता.

"आई," मी म्हटलं, "काढायची नाहीच आहे. घ्यायची आहे."

"म्हंजे?"

"देवीची ओटी भरल्यावर देवळात गुरव काय करतो?"

"काय करतोय?"

"नारळ परत देतो. पदरात टाकतो ना? देवी सगळं ठेवून घेते का कधी?"

आईंनी मागं वळून गाठोड्याकडं बघितलं.

"मग मला नको का? लेकुरवाळी मी. माझ्या लेकीसाठी भरलीत तुम्ही. बाईनं मला काहीच द्यायचं नाही? रिकाम्या पदरानं जाऊ मी बाळाकडं?"

हे मी कुठून आणलं, मला माहीत नाही. मी पदर पसरला. हात थरथरत होते, ते भक्तीनं थरथरताहेत असं त्या दोन बायकांना वाटलं असावं, कारण त्यातली एक म्हणाली, "खरं हाय की वो तिचं. प्रसाद पायजेच."

आईंचे हात थोडे खाली आले. "द्यायला गुरव लागतोय," त्या म्हणाल्या.

"तातोबा!" मी ओरडले. "तातोबाचा उपास आहे. तातोबा देईल."

"तातोबा जेवाय बसलाय," त्या दोघींतली दुसरी म्हणाली.

रणधीर धावला. तातोबा पंगतीच्या मधोमध, नऊ दिवसांनी पहिल्यांदा भातावर वरण ओतून बसला होता. रणधीरनं त्याला काखेत धरून उठवला तसा तो घास तोंडात घेऊनच आला, उजवा हात वरणानं माखलेला. घड्याळाचा काटा बघितला आणि त्याचं चावणं थांबलं.

"आय्यायायाय," तो म्हणाला आणि थेट गाठोड्याकडे हात घातला.

"उष्टा हात!" आई किंचाळल्या.

तातोबाचा हात हवेत थांबला. आत खोल कुठंतरी लोखंड टक्कन वाजलं.

"आई, राहू दे," रणधीर म्हणाला.

"ओटीला उष्टा हात? हात धू. चूळ भर."

आणि सांगायला मला आजही लाज वाटत नाही, हसूही येत नाही पूर्ण, पण आम्ही सगळे थांबलो. बॉयलर फुटायच्या बेतात असताना आम्ही पाच जण तातोबाची चूळ भरून व्हायची वाट बघत उभे होतो. रणधीर तांब्यानं पाणी घालत होता. तातोबा बोटं चोळत होता. "नखातलं पण," आई म्हणाल्या. त्यानं नखातलं पण काढलं. चूळ भरली, थुंकला, पुन्हा भरली. मी पदर पसरून उभी. भट्टीची आच गालावर लागत होती. भिंतीपलीकडे अंगणात कुणीतरी "वाढा, वाढा" म्हणत होतं, आणि त्यातच मला वन्संचा आवाज आला, "बघा, अगदी रणधीरसारखं नाक." म्हणजे बाळ अजून अंगणातच होतं.

तातोबानं हात जोडले. मग गाठोड्याची गाठ सैल केली आणि पहिला नारळ काढून माझ्या पदरात ठेवला.

"घे बाई," तो म्हणाला. मला म्हणाला की बॉयलरला, कळलं नाही.

दुसरा. तिसरा. नारळ गरम झाले होते. मी दांड्याकडे बघत होते. तो हलत नव्हता. चौथा. बायकांनी घातलेले किती होते कुणास ठाऊक, संपत नव्हते. पदर जड व्हायला लागला, मी गुडघे वाकवले. दांडा जरासा कंप पावला. जसं झोपलेल्या माणसाचं बोट हलतं, तसा.

"अजून एक," मी म्हटलं.

त्यानं आणखी एक काढला आणि बाई बोलली.

तो नेहमीचा फुस्स नव्हता. एखादी आगगाडी छपरावरून उभी वर जावी तसा आवाज झाला. दांडा वजनासकट उसळला, राहिलेलं गाठोडं उडालं, तांदळाचा सडा पत्र्यापर्यंत जाऊन आमच्या सगळ्यांच्या अंगावर आला. झेंडूची फुलं, सुपाऱ्या, हळकुंडं. गाठोड्याची साडी कुठंतरी वाशात जाऊन अडकली. शेडमधल्या दोघी जणी जमिनीवर आडव्या झाल्या, पळायला नाही, नमस्काराला. तातोबा भट्टीचं दार लावून निखाऱ्यांवर राख ओढत होता आणि तोंडानं देवीचं नाव घेत होता. आईंनी डोळे मिटले होते. त्यांच्या केसांत, नथीत, सगळीकडे अक्षता. आवाज चालूच होता, थांबायलाच तयार नाही.

मी पदरातल्या नारळांसकट अंगणात आले. पंगत उभी राहिली होती. सगळ्यांची तोंडं हलत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. वन्सं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होत्या. घाबरून की मुहूर्त टळू नये म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. शेवटी ओरडून सांगितलं असावं, मानेच्या शिरा दिसत होत्या.

मग आवाज एकदम थांबला. दांडा खाली बसला.

त्या शांततेत बाळाचे दोन्ही हात वर गेले आणि ती रडायला लागली. इतकी जोरात ती आधी कधी रडली नव्हती. काचेच्या पेटीत तर तिचा आवाज मला ऐकूही यायचा नाही. मी तिथंच खाली बसले. नारळ अंगणभर गडगडत गेले.

"नाव काय ठेवलंत?" कुणीतरी विचारलं.

वन्सं म्हणाल्या, "मला आठवेना झालंय."

काटा पुरता खाली येईपर्यंत रणधीर घड्याळासमोरून हलला नाही. आबा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "गडहिंग्लजची बाग कधीच मोडली म्हणं." त्यापुढे ते मला इन्स्पेक्टरबाई म्हणाले नाहीत. माझ्या हातचा चहा मात्र विचारून घ्यायला लागले, "गरम हाय न्हवं? तुझ्या मतानं?"

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मुलीचं नाव शेवटी शाळेत घालताना ठेवलं, इरावती. घरात तिला 'बाईचा प्रसाद' म्हणतात आणि ती चिडते.

यंदाच्या दसऱ्याला धाकट्या जावेचा, ऋतुजाचा, पहिलाच सण होता. तिचं बाळ तीन महिन्यांचं. सकाळी आईंनी बाईची ओटी भरली. कुंकू घड्याळाच्या पितळी कडेला लावलं, काचेला नाही. पाण्याच्या नळीला खण नुसता दाखवला. गाठोडं दांड्याला बांधलं. मग तातोबासाठी पान वाढलं. तातोबा आता थकलाय, पण बसला, वरणभाताचे दोन घास घेतले आणि मधेच उठला. आईंनी ओरडून विचारलं, "हात उष्टा न्हाई न्हवं?" तातोबा म्हणाला, "उष्टा हाय." मग रणधीरनं तांब्यानं पाणी घातलं. नखातलं पण काढायला लावलं. तातोबानं चूळ भरली, पुन्हा भरली. या सगळ्यानंतर भट्टी पेटवायची.

"ताई," ऋतुजानं माझ्या कानाशी विचारलं, "ते जेवता जेवता मधेच का उठतात?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "पूर्वापार हाय ते आमच्याकडं. माझ्या सासूच्या सासूपासनं."

मी ऋतुजाला पुढं केलं.

ऋतुजा बॉयलरसमोर उभी राहिली. इंजिनिअर आहे ती, तिला हसू आवरत नव्हतं. पदर पसरून तिनं मला हळूच विचारलं, "डोळे मिटायचे असतात का?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "काट्यावर ठेवायचे."

"काटा तर शून्यावर आहे."

"तोवरच ओटी घ्यायची असते," मी म्हटलं, आणि तातोबानं पहिला नारळ तिच्या पदरात टाकला.